शरदाचें शुभेच्छापत्र आणि हातचा ठसा

(नभोवाणीवरील भाषण)

आश्विन लागला कीं आमच्या कोंकणांत पावसाचा जोर ओसरतो, भातशेतें पिवळीं पडूं लागतात, आणि पेणच्या भोगावतीचें व रोह्याच्या कुंडलिकेचें गढूळ पाणी हळूहळू निवळूं लागतें. युरोप-अमेरिकेंत याच सुमारास झाडांचीं पानें तांबडीं-पिवळीं होऊन गळतात. म्हणून तिकडे या ऋतूंत जीं शुभेच्छापत्रें धाडतात त्यांवर बहुधा गळत्या पानाचें चित्र असतें. आपल्याकडे पानगळ ही शिशिराची. शरदांत आपण पान देतों. दसऱ्याच्या संध्याकाळीं आपट्याचें पान वडील माणसांच्या हातीं ठेवून त्यांच्या पायां पडतों आणि त्या पानासच सोनें म्हणतों. कालिदासाच्या 'रघुवंशा'च्या पांचव्या सर्गांत कुबेर रघुराजासाठीं सोनें वर्षतो तें राजाच्या कोशागारांत. तें आपट्याच्या झाडावर पडलें, हें आपल्या लोककथेचें म्हणणें. मला लोककथा अधिक आवडते. राजाच्या कोठारांतलें सोनें झाडावर आलें, म्हणूनच तें गरिबालाहि वांटतां आलें.

हें आपट्याचें पान एकदां निरखून पाहावें. त्याच्या मधोमध शीर असते, दोन्ही बाजूंस दोन गोल पाळ्या असतात, आणि शिरेवर तें पान सहज मिटतें. घडीच्या कागदाचें जें शुभेच्छापत्र आपण दुकानांत पाहतों त्याची ठेवण हुबेहूब अशीच. माझ्या वर्गांतील एक लहान मुलगी तें पान मिटून व उघडून म्हणाली होती, "गुरुजी, हें तर देवानें केलेलें कार्ड." त्या मुलीचें म्हणणें मी पुष्कळ दिवस मनांत ठेविलें आहे. आपल्या शरदाचें पहिलें शुभेच्छापत्र कोणतें, असें मला कोणी विचारलें तर मी आपट्याच्या पानाकडेच बोट दाखवीन.

आज मला बोलावयाचें आहे तें हातानें केलेल्या शुभेच्छापत्राविषयीं आणि त्यावर उमटविल्या जाणाऱ्या ठशाविषयीं. मी अडतीस वर्षें प्राथमिक शाळांतून शिकविलें. प्रथम पेण तालुक्यांत आणि पुढें रोह्यास. माझी मजल मॅट्रिकपर्यंतची. तेव्हां इतिहाससंशोधकाचा अधिकार मी सांगत नाहीं. परंतु आश्विनांत मुलांकडून दिवाळीचीं पत्रें करवून घेतांना माझ्या मनांत एक शंका वारंवार येई, आणि तिचा माग काढीत काढीत मी थोडा इतिहासांत शिरलों. शंका अशी : ठसा म्हणजे एकसारखेपणा. एका ठशानें शंभर आकृति उमटतात आणि त्या सर्व एकमेकींसारख्या असतात. शुभेच्छा मात्र एका विशिष्ट माणसास उद्देशून असते. मग ठशानें केलेल्या पत्रास 'हातचें पत्र' म्हणावें काय?

प्रथम आपल्या घरांतच पाहूं. दिवाळींत लक्ष्मीपूजनाच्या दिवशीं उंबरठ्यापासून देवघरापर्यंत लक्ष्मीचीं पावलें काढतात. तीं काढण्याची एक जुनी युक्ति आपल्या आया-बहिणींना ठाऊक आहे. हाताची मूठ वळावयाची, करंगळीकडची बाजू तांदळाच्या भिजविलेल्या पिठांत बुडवावयाची आणि जमिनीवर टेकावयाची. पाऊल उमटतें. मग बोटाच्या टोंकानें वर पांच ठिपके द्यावयाचे. त्यांतला अंगठ्याचा ठिपका थोडा मोठा. येथें मूठ हा ठसा झाला, आणि ठिपके हें हाताचें लिहिणें झालें. नुसत्या मुठीनें उमटलेला आकार पाऊल दिसत नाहीं. बोटें दिलीं म्हणजे तें चालूं लागतें. गृहप्रवेशाच्या वेळीं भिंतीवर उमटविलेले हळदीकुंकवाचे हात, पत्र्याला भोंकें पाडून केलेले रांगोळीचे छापे, हें सर्व याच घराण्यांतलें. तेव्हां ठसा ही वस्तु आपल्याकडे कचेरींतून घरांत आली असें नाहीं. ती पहिल्यापासून घरांतच होती.

आतां दरबाराकडे वळूं. आमच्या जिल्ह्याचें नांव पूर्वीं कुलाबा होतें. १९८१ सालच्या १ जानेवारीपासून तें रायगड झालें. ज्या रायगडावर १६७४ सालीं शिवछत्रपतींचा राज्याभिषेक झाला, तेथून सुटणाऱ्या पत्रांवर दोन ठसे असत. माथ्यावर अष्टकोनी राजमुद्रा आणि मजकूर संपतांच शेवटीं लहानशी मर्यादेची मुद्रा. पहिला शिक्का, दुसरें मोर्तब. 'शिक्कामोर्तब झालें' असें आपण अजून म्हणतों, तेव्हां या दोन ठशांचेंच नांव घेत असतों. मोर्तबाचें काम मोठें शहाणपणाचें होतें : मजकूर येथें संपला, यापुढें कोणीं कांहीं घुसडूं नये. अशी मुद्रा धातूवर उलट्या अक्षरांनीं कोरावी लागे, म्हणजे कागदावर तीं सुलट उमटत. कागद हाताचा, जुन्नरचा किंवा दौलताबादेजवळच्या कागजीपुऱ्याचा. शाई काजळाची आणि लेखणी बोरूची.

पत्राचा मजकूर बहुधा कारकून मोडींत लिही. परंतु ज्या पत्रांत जिव्हाळा असे किंवा विशेष भर द्यावयाचा असे, तेथें धनी शेवटीं एखादी ओळ आपल्या हातानें लिही. त्यास 'दस्तुरखुद्द' म्हणत. जुन्या कागदांचे अभ्यासक अशी ओळ दिसली कीं हरखून जातात. शिक्क्यावरून त्यांना हुकूम कोणाचा तें कळतें. दस्तुरखुद्द ओळींत मात्र प्रत्यक्ष माणूस भेटतो. लक्ष्मीच्या पावलांत जें आपण पाहिलें तेंच येथें निराळ्या रूपानें आढळतें. ठसा आणि हात हे दोघे एकाच कागदावर आपापलें काम करतात.

यानंतर छापखाना आला. मुंबईस गणपत कृष्णाजींनीं १८३१ सालीं शिळाछापावर मराठी पंचांग छापलें, आणि हातानें नकलून घेतलेल्या पंचांगाच्या जागीं छापील पंचांग घरोघर गेलें. पुढें १८५४ सालच्या ऑक्टोबरपासून सगळ्या देशासाठीं टपालाचीं तिकिटें निघालीं, आणि १८७९ सालच्या १ जुलैस पाव आण्याचें पोस्टकार्ड सुरू झालें. पाव आणा म्हणजे एक पैसा. एका पैशांत पेणचा माणूस आपली खुशाली काशीस कळवूं लागला. गरिबाच्या घरीं पत्र येणें-जाणें खरोखर सुरू झालें तें या कार्डामुळें, असें मला वाटतें. त्या कार्डावरहि पाहा, किंमतीचा ठसा सरकारचा व छापील, पण त्याच्या शेजारची जागा सगळी कोरी, आपल्या हातासाठीं मोकळी सोडलेली.

छापील नाताळपत्राचा जन्म विलायतेंतला. लंडनच्या हेन्री कोल या गृहस्थानें १८४३ सालीं जॉन हॉर्स्ली या चित्रकाराकडून नाताळचें एक पत्र काढवून घेतलें आणि त्याच्या सुमारें हजार प्रती छापविल्या. किंमत दर पत्रास एक शिलिंग. याच कोलनें रोलंड हिल यास पेनी-टपालाच्या कामीं साहाय्य केलें होतें, आणि टपाल स्वस्त झाल्यामुळें त्याच्याकडे येणारीं पत्रें इतकीं वाढलीं कीं प्रत्येकास उत्तर लिहिणें त्याला जमेना. म्हणजे हें नाताळपत्र निघालें तें मुळांत वेळ वांचविण्यासाठीं. तरीहि त्या पहिल्या पत्रांत दोन गोष्टी हाताच्या राहिल्या होत्या. चित्र शिळाछापाचें असलें तरी रंग हातानें भरलेला होता. आणि वर 'अमुक यांस' व खालीं 'अमुक यांजकडून' एवढी जागा कोरी ठेविली होती. आपल्याकडे राजा रविवर्म्यानें १८९४ सालीं मुंबईस चित्रांचा छापखाना काढला. पुढें तो लोणावळ्याजवळ मळवलीस गेला. त्या छापखान्याची लक्ष्मी व सरस्वती घरोघरीं भिंतीवर आल्या. सर्वांच्या घरीं एकच लक्ष्मी. पण कित्येक घरांतल्या गृहिणींनीं तिच्या लुगड्यावर जर लाविली, दागिन्यांवर टिकल्या चिकटविल्या आणि छापील लक्ष्मी आपल्या घरची करून घेतली. अशीं सजविलेलीं चित्रें जुन्या वाड्यांतून आजहि सांपडतात.

आतां रबराकडे येऊं. हा दक्षिण अमेरिकेंतील झाडांचा चीक. पेन्सिलीच्या रेघा पुसण्यास तो फार चांगला, असें जोसेफ प्रीस्टली यानें १७७० सालीं लिहून ठेविलें, आणि पुसण्याच्या या गुणावरूनच इंग्रजींत त्यास रबर हें नांव पडलें. परंतु कच्चें रबर उन्हाळ्यांत चिकट होई आणि थंडींत कडक होऊन तडके. चार्लस गुडइयर या अमेरिकनानें १८३९ सालीं रबरांत गंधक मिसळून तापविण्याची रीत शोधून काढली आणि १८४४ सालीं तिचें पेटंट घेतलें. गंधकानें रबर टिकाऊ व लवचिक झालें. कवळ्या बसविणारे दंतवैद्य त्याचा उपयोग करूं लागले. आणि दंतवैद्यांच्या त्याच तापविण्याच्या भांड्यांतून १८६० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत रबरी शिक्के निघूं लागले. रीत सोपी होती. खिळ्यांची अक्षरें जुळवावयाचीं, त्यांचा प्लॅस्टरमध्यें साचा घ्यावयाचा, साच्यावर रबराचा पत्रा ठेवून दाबावयाचा व तापवावयाचा. अक्षरें रबरावर उठून येतात. मग तो तुकडा लांकडी मुठीला चिकटविला कीं शिक्का तयार. पुढें आपल्याकडेहि प्रत्येक तालुक्याच्या गांवीं कचेरीच्या आसपास रबरी शिक्के करून देणारे बसूं लागले. आजकाल प्रकाशानें घट्ट होणाऱ्या रसायनाचे व आपोआप शाई घेणारे शिक्के मिळतात; पण मूळ कल्पना तीच.

रबरी शिक्क्यानें राज्यकारभार सुकर केला यांत शंका नाहीं. तेथें एकसारखेपणा हाच गुण आहे. ज्यांचें बालपण रोह्यास गेलें ते चिंतामणराव देशमुख १९४३ सालीं रिझर्व्ह बँकेचे पहिले हिंदी गव्हर्नर झाले, आणि त्यांची सही असंख्य नोटांवर छापून निघाली. ती सही त्यांच्या हाताची खरी, पण प्रत्येक नोटेवर त्यांनीं ती हातानें केलेली नव्हती. तशी ती असावी असें कोणी म्हणणारहि नाहीं. दोन नोटांवरील सह्या एकमेकींपासून केसभर निराळ्या निघाल्या तर आपण नोट खोटी ठरवूं. राजमुद्रेचेंहि तेंच. जेथें विश्वास 'सर्वांस सारखें' या तत्त्वावर उभा असतो, तेथें ठसाच हवा. चूक होते ती हा कचेरीचा नियम आपण घरच्या पत्राला लावतों तेव्हां.

ती चूक मी स्वतः केली आहे, आणि ती सांगितल्यावांचून हें भाषण पुरें व्हावयाचें नाहीं. १९९४ सालची दिवाळी. त्या वर्षीं निवडणुकीच्या याद्यांचें काम, शाळेचे कागद आणि घरचीं दुखणीं यांनीं मी गांजून गेलों होतों. दर वर्षीं साठेक पोस्टकार्डें मी हातानें लिहीत असें. त्या वर्षीं मी एक रबरी शिक्का करवून घेतला : 'दीपावलीच्या हार्दिक शुभेच्छा', खालीं माझें नांव आणि पत्ता. एका रात्रींत, तासाभरांत, साठ कार्डें झालीं. मला आपल्या युक्तीचें कौतुकहि वाटलें. तारखात्याच्या यादींत सणांच्या शुभेच्छांचीं ठराविक वाक्यें असत, नुसता क्रमांक सांगितला कीं वाक्य पोंचे. मग माझ्या शिक्क्यांत वावगें काय, असें मी मनाशीं म्हटलें.

त्या साठ कार्डांतलें एक माझ्या जुन्या गुरुजींना गेलें. त्यांनींच मला लहानपणीं रोह्यास बाळबोध अक्षर गिरवावयास शिकविलें होतें. आठ दिवसांनीं त्यांचें उत्तर आलें. अक्षर थरथरतें, पण वळण तेंच. मजकूर दोन ओळींचा : "तुझा शिक्का पोंचला. तूं कसा आहेस, तें कळव."

मला शरम वाटली. सवडीनें चांगलें सविस्तर पत्र लिहावें म्हणून मी तें कार्ड पुस्तकांत ठेविलें. दुसरें सत्र सुरू झालें, परीक्षा आल्या, आणि पौषांत गुरुजी गेल्याची बातमी आली. त्यांच्या प्रश्नाला उत्तर द्यावयाचें राहून गेलें तें गेलेंच.

पुढल्या वर्षीं, १९९५ च्या आश्विनांत, मी पेण तालुक्यांतील शाळेंत चौथीच्या वर्गाकडून दिवाळीचीं पत्रें करवून घेत होतों. खरें सांगावयाचें तर ठशाचें नांव काढूं नये असें माझ्या मनांत होतें. पण मुलांना ठसेकाम आवडतें आणि अभ्यासक्रमांतहि तें होतें. साहित्य घरचेंच. भेंडीचा आडवा काप रंगांत बुडवून टेकला कीं पांच पाकळ्यांचें फूल उमटतें. केळीच्या पानाच्या दांड्याचा काप घेतला तर जाळीदार चंद्रकोर येते. बटाटा कोरून पणती करतां येते, मात्र कापल्यावर तो फडक्यानें टिपून कोरडा करावा, नाहींतर त्याच्या पाण्यानें रंग पसरतो. आणि दुसऱ्या दिवशीं तो सुकून आक्रसतो. म्हणून ज्या मुलांजवळ मोठें खोडरबर होतें त्यांना मीं खोडरबराचे ठसे करावयास सांगितले. पात्याचें काम अर्थात् मीच करी. कांहीं मुलांनीं फाटक्या रबरी सपातेचा तळवा आणला. त्याचे तुकडे लांकडाच्या ठोकळ्यांना चिकटविले म्हणजे उत्तम ठसे होतात आणि वर्षानुवर्षें टिकतात. रंग बेताचा घ्यावा, म्हणजे कोरलेल्या रेघा बुजत नाहींत. कागदाखालीं वर्तमानपत्राची घडी ठेवावी. ठसा सरळ टेकावा, दाबावा आणि न हलवितां सरळ उचलावा. एवढें संभाळलें म्हणजे सात वर्षांच्या मुलालाहि स्वच्छ ठसा घेतां येतो.

अडचण आली ती अक्षरांची. एका मुलीनें मोठ्या कष्टानें 'शुभ' हीं अक्षरें सुलट कोरून घेतलीं आणि कागदावर तीं उलटीं उमटलीं. ती रडकुंडीस आली. मी फळ्यावर आकृति काढून समजावूं लागलों, तों मागच्या बांकावरचा एक मुलगा उभा राहिला. हमरापुराकडचा, त्याच्या घरीं गणपतीचें काम. तो म्हणाला, "गुरुजी, साच्यांत सगळें उलटेंच असतें. आमच्याकडे गणपतीची सोंड साच्यांत या बाजूला दिसते, आणि मूर्ति काढली कीं त्या बाजूला जाते." सगळ्या वर्गाला तें तेव्हांच पटलें. मग आम्हीं युक्ति काढली. पातळ कागदावर मऊ पेन्सिलीनें अक्षर लिहावें, तो कागद खोडरबरावर पालथा घालून नखानें घांसावा. अक्षर आपोआप उलटें उतरतें. तेंच कोरावें.

त्या मुलाच्या स्वतःच्या पत्रांवर पणतीचा ठसा होता, पण ज्योत ठशांत नव्हती. ती तो प्रत्येक पत्रावर कुंचल्यानें काढीत होता. एक उंच, एक वाऱ्यानें कललेली, एक बारीक. मीं विचारलें, "अरे, ज्योतहि कोरून टाक ना. तुझा वेळ वांचेल." तो मान न उचलतां म्हणाला, "आई डोळे आखते, गुरुजी. ती म्हणते, अंग साच्याचें, डोळे हाताचे."

श्रोतेहो, पेणचे गणपति आपण पाहिले असतील. पेण गांवांत आणि हमरापूर, जोहें या बाजूच्या खेड्यांत हा व्यवसाय पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे आणि येथील मूर्ति देशाबाहेरहि जातात. मूळ मूर्ति कसबी कारागीर घडवितो. तिच्यावरून प्लॅस्टरचे, व पुढील काळांत रबराच्या चिकाचे, साचे घेतात. साच्यांतून शाडूच्या किंवा प्लॅस्टरच्या मूर्ति काढतात. येथपर्यंत शंभर मूर्ति एकसारख्या. मग रंग, आणि सर्वांत शेवटीं डोळ्यांची आखणी. ती आखणी साच्यांत येत नाहीं. बारीक कुंचला घेऊन, श्वास रोखून, एकेका मूर्तीचे डोळे हातानेंच आखावे लागतात. एकाच साच्यांतून निघालेले दोन गणपति शेजारीं ठेवले तर एक किंचित् हंसरा आणि दुसरा गंभीर दिसतो, तो या आखणीमुळें. घरीं न्यावयाचा गणपति निवडतांना आपणहि डोळ्यांकडे पाहूनच निवडतों. लहानपणापासून मीं हें शेंकडों वेळां पाहिलें होतें. त्याचा अर्थ मला दहा वर्षांच्या मुलानें सांगितला.

माझ्या शंकेचें उत्तर असें मिळालें. लक्ष्मीच्या पावलाचे पांच ठिपके, पत्राखालची दस्तुरखुद्द ओळ, छापील लक्ष्मीवरची जर, कोलच्या पत्रावरची कोरी जागा आणि पेणच्या गणपतीचे डोळे, हीं सर्व एकाच गोष्टीचीं रूपें आहेत. ठशाला दोष नाहीं. ठसा श्रम वांचवितो, म्हणून आपण दहांच्या ऐवजीं पन्नास जणांची आठवण ठेवूं शकतों. पण जो श्रम वांचला त्यांतला थोडा तरी त्या एका माणसासाठीं खर्च केला पाहिजे. माझ्या १९९४ सालच्या कार्डांत अंग होतें, डोळे नव्हते. गुरुजींच्या तें तत्काळ ध्यानांत आलें.

त्या दिवसापासून माझ्या वर्गांत पत्राचे तीन नियम झाले. आकृति ठशानें घ्यावी. तिच्यांत एक तरी गोष्ट, ज्योत असो, पाखराचा डोळा असो, हातानें काढावी. आणि मजकुरांत एक ओळ अशी असावी कीं जी दुसऱ्या कोणालाहि पाठवितां येणार नाहीं. पहिले दोन नियम मुलांनीं लगेच पाळले. तिसरा जड गेला. 'दिवाळी सुखाची जावो' एवढेंच सर्वांना सुचे. मग मी विचारी, "हें पत्र कोणाला? तिच्याजवळ काय आहे? तिला तूं शेवटचें केव्हां भेटलास?" हळूहळू ओळी येऊं लागल्या. एकानें लिहिलें, "आजी, तुझी शेळी व्याली का?" दुसऱ्यानें लिहिलें, "काका, तुम्ही दिलेला भोंवरा अजून फिरतो." एवढ्या ओळी लिहितां येणें हें मी भाषेच्या शिक्षणांतलें मोठें यश समजतों. १९३७ सालीं वर्ध्यास महात्माजींनीं हस्तव्यवसायांतून शिक्षण देण्याची योजना मांडली. आमच्या पेण तालुक्यांतील गागोदें गांवीं जन्मलेल्या विनोबांनीं त्या विचारासाठीं पुष्कळ झीज सोसली. तिच्याविषयीं मीं पदविकेच्या वर्गांत पुष्कळ पाठ केलें होतें. तिचें मर्म मला कळलें तें खोडरबर आणि शेळी यांच्यामुळें. त्याच प्रेरणेंतून १९४० सालीं पुण्यांत हातकागदाची संस्था निघाली. तिच्या जाड, खरबरीत कागदावर ठसा फार छान बसतो, हें मी अनुभवानें सांगतों.

पुढें रोह्यास बदली झाल्यावर मीं आपट्याच्या पानाचाच ठसा घेण्यास सुरुवात केली. पान पालथें घालून शिरांवर पातळ रंग द्यावा, वर कागद ठेवून बोटानें हलकेंच घांसावें. सगळ्या शिरा बारकाव्यानें उतरतात. एका पानावरून दहा-बारा पत्रें सहज निघतात. दसऱ्याच्या आदल्या दिवशीं आपट्याच्या फांद्याच्या फांद्या तोडून बाजारांत येतात आणि पुष्कळदां आपट्याच्या नांवानें कांचनाचीं पानें विकलीं जातात; त्यापेक्षां हा मार्ग झाडाला सोसवणारा आहे. सोनें वांटावयाचें, पण झाड उघडें करावयाचें नाहीं.

आतां कोणी म्हणेल कीं, गुरुजी, हे दिवस मोबाइलचे. तारेची सेवा २०१३ सालच्या जुलैंत बंद झाली, दिवाळीच्या पत्रांचा ढीग घेऊन येणारा पोस्टमनहि आतां क्वचित् दिसतो. हें खरें आहे, आणि त्याबद्दल मी गळा काढणार नाहीं. माझाहि फोन पाडव्याच्या पहाटे तेवत्या पणत्यांनीं भरून जातो. एकच चित्र मला एकदां सतरा जणांकडून आलें होतें. तीं सतरा चित्रें म्हणजे माझें १९९४ सालचें कार्डच सतरा वेळां मजकडे परत आलें, असें मला वाटलें. पण त्याच पहाटे परदेशांत नोकरीस असलेल्या एका जुन्या विद्यार्थ्यानें तसल्याच एका चित्राखालीं आपली एक ओळ लिहिली होती : "गुरुजी, तुमचा गुडघा कसा आहे?" मला तें पत्र वाटलें. साधन कोणतेंहि असो, कोरी जागा प्रत्येकांत असते. ती भरावयाची कीं नाहीं एवढाच प्रश्न आहे.

तरी एक विनंती करतों. यंदाच्या आश्विनांत घरांतल्या मुलांना जवळ बसवावें, एक खोडरबर, एक भेंडी, थोडा रंग आणि दहा कोरीं कार्डें घ्यावीं. पोस्टाचें कार्ड अजूनहि स्वस्त आहे. एक दुपार पुरे होते. हात रंगतील, सतरंजीवर डाग पडेल, एखादें अक्षर उलटें उमटेल. उलट्या अक्षराचें पत्रहि पाठवून द्यावें; घेणारा तें अधिक जपून ठेवील.

दसऱ्यानंतर आमच्या रोह्यास ग्रामदैवत धावीर महाराजांची पालखी निघते. पोलिसांची सलामी होते, पालखी दारोदार फिरते आणि ती आमच्या आळींतून पुढें गेली कीं मी पत्रें करावयास बसतों. यंदाहि चाळीसेक करीन. आपट्याच्या पानाचा ठसा घेईन, पणतीची ज्योत कुंचल्यानें काढीन, आणि प्रत्येक पत्रांत शुभेच्छेच्या अगोदर मी कसा आहें तें लिहीन. तें पूर्वीं मी लिहीत नसें. गुरुजींनीं विचारल्यापासून लिहितों.